‘मिणमिणता अंबर दिवा’: सर्व्हरच्या दिव्यांची मराठी

पणजीतील एका कार्यालयाच्या सर्व्हर रूमबाहेर रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांसाठी मराठी सूचनाफलक लावायचा असून, डेल कंपनीच्या सर्व्हरवरील ‘ब्लिंकिंग अँबर’ या इशाऱ्याच्या दिव्यासाठी ‘मिणमिणता अंबर दिवा’ हे शब्द चालतील का, अशी पृच्छा फलकाच्या मसुद्यासह आली आहे. माझ्या मते ‘दिवा’ तेवढा ठेवावा आणि उरलेले दोन्ही शब्द बदलावेत.

मराठीत अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. अत्तरवाल्यांच्या बोलण्यात अंबर हे समुद्रातून मिळणारे सुगंधी द्रव्य असते, आणि त्याचे हेच अरबी नाव युरोपात जाऊन पुढे एका पिवळसर खड्याला चिकटले. तो खडा घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून आपण त्याला तृणमणी म्हणतो. ग्रीक त्यालाच ‘एलेक्ट्रॉन’ म्हणत आणि त्यावरूनच ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द आला. म्हणजे विजेच्या यंत्रावर तृणमणी रंगाचा दिवा व्युत्पत्तीने अगदी शोभून दिसेल, पण पहाटे तीन वाजता तो शब्द कोणाच्या उपयोगाचा नाही. तुमच्या एका पहारेकऱ्याने ‘अबोली दिवा’ म्हटल्याचे वाचून मला आनंद झाला, कारण केसांत अबोलीचा वळेसर पाहत वाढलेल्या गोंयकाराला तो रंग सांगावा लागत नाही. मात्र अबोलीची छटा गुलाबीकडे झुकते. ‘नारिंगी’ लिहावे.

खरी अडचण ‘मिणमिणता’ या शब्दाची आहे. तेल संपत आलेली समई मिणमिणते: तिचा उजेड मंद असतो, पण सलग असतो. सर्व्हरवरील दिवा मंद नसतो. तो पूर्ण लागतो आणि पूर्ण विझतो. ‘लुकलुकणे’ त्याच्या थोडे जवळचे असले, तरी चांदण्यांच्या लुकलुकण्याला ठरलेला ताल नसतो, त्यामुळे हार्ड डिस्कवर लिहिण्या-वाचण्याचे काम चालू असताना हिरवा दिवा जसा कमीजास्त चमकतो त्याला तो शब्द शोभतो. इशाऱ्याचा दिवा ठरावीक अंतराने लागतो-विझतो, आणि त्यासाठी पापण्यांवरून आलेला ‘उघडझाप’ हा शब्द मराठीत तयारच आहे.

हा भेद नुसत्या शब्दांच्या हौसेचा नाही. डेलच्या अलीकडच्या सर्व्हरांवर स्थिर निळा दिवा म्हणजे सर्व ठीक, तर उघडझाप करणारा निळा दिवा म्हणजे रांगेतील नेमके यंत्र सापडावे म्हणून कोणीतरी मुद्दाम लावलेली खूण; नारिंगी दिव्याची उघडझाप बिघाड सांगते, तर स्थिर नारिंगी दिवा यंत्र सुरक्षित अवस्थेत गेल्याचे दाखवतो. एचपीई या दुसऱ्या कंपनीच्या प्रोलायंट सर्व्हरांवर तब्येतीचा दिवा हिरवा असतो आणि स्थिर निळा दिवा हीच ओळखीची खूण असते. तेव्हा फलक ज्या यंत्रासाठी आहे त्याचे नाव वर लिहावे, आणि रंगाबरोबर ‘स्थिर’ की ‘उघडझाप करणारा’ हेही प्रत्येक ठिकाणी लिहावे.

यंत्राच्या पुढच्या बाजूच्या पट्टीवर उमटणाऱ्या संदेशांपैकी ‘पॉवर सप्लाय रिडंडन्सी इज लॉस्ट’ याचे तुमच्या मसुद्यातील ‘वीजपुरवठ्याची अनावश्यकता नष्ट झाली’ हे भाषांतर शब्दकोशाने केलेला घात आहे. यंत्रात वीज घेणारे दोन संच असतात. एक बंद पडला, तरी दुसऱ्यावर काम चालते. हा संदेश आला म्हणजे यंत्र चालू आहे, पण आता पाठीशी दुसरा संच नाही. ‘जोडीचा पुरवठा गेला’ असे लिहिले, तर एकाच वाचनात कळते, आणि घाबरून सगळे बंद करण्याची बुद्धीही कोणाला होत नाही.

संदेशाआधीच्या सांकेतिक अक्षरांचे मात्र भाषांतर करू नये. दुरुस्ती करणारा त्या अक्षरांवरूनच पुस्तिकेत शोध घेतो, म्हणून ती रोमन लिपीतच उतरवलेली हवीत. फलकासाठी मी असा मजकूर सुचवीन:

‘नारिंगी दिवा उघडझाप करीत असल्यास पट्टीवर दिसणारी इंग्रजी अक्षरे व आकडे जसेच्या तसे वहीत उतरवावेत, त्यापुढे वेळ लिहावी आणि खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. कोणतेही बटण दाबू नये.’

‘ताबडतोब’च्या जागी मसुद्यातील ‘यथाशीघ्र’ ठेवायचे असेल, तर माझी हरकत नाही. पहारेकऱ्यांना मात्र एकदा विचारून पाहा.