सरकारी महागाईचा आकडा आणि आपला घरखर्च जुळत का नाही?

आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या घराचाही नसतो. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के जाहीर झाला. त्याच महिन्यात आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला आणि भाडं 18,000 वरून 19,800 झालं. दोन्ही खरं.

फरक पडतो तो वजनांमुळे, म्हणजे आकडा काढताना कोणत्या खर्चाला किती वाटा धरला जातो त्यामुळे. हा दर ज्यावरून काढतात त्या किमतींच्या निर्देशांकाचं पायाभूत वर्ष (ज्या वर्षीचे भाव 100 धरतात) तेव्हा 2012 होतं आणि वजनं 2011-12 च्या घरखर्च पाहणीवरून ठरलेली. खाण्यापिण्याला जवळपास 46 टक्के, घराला 10, शिक्षणाला साडेचारच्या आत. त्यामुळे भाज्या उतरल्या की अख्खा आकडा खाली येतो. ज्या घरात भाडं, मुलीची फी, क्लास आणि आईच्या बीपीच्या गोळ्या यांतच निम्मा पगार संपतो, त्यांना त्यातून कितीसा दिलासा मिळणार? शेतमजुराच्या घरी उलटं. तिथे पोटापाण्याचाच खर्च मोठा, डाळ-तेल चढलं की झळ आकड्यापेक्षा जास्त बसते.

शिवाय तुलना असते मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या कडाडलेल्या होत्या, दर 6.21 टक्के होता. त्या उंचीवरून पाहिलं तर 2025 स्वस्तच दिसणार. आणि दर कमी झाला म्हणजे सगळे भाव उतरले असं नव्हे, बहुतेकांचा फक्त चढण्याचा वेग मंदावतो.

खासगी नोकरीत पगारवाढ ठरवताना हाच आकडा पुढे केला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. वाण्याची बिलं, फीच्या पावत्या, भाडेकरार काढा, दोन वर्षांची बेरीज करून स्वतःचा टक्का काढा आणि तो घेऊनच साहेबांसमोर बसा.