'त्यू ए व्हन्यू' कुठे चुकतं? फ्रेंचमधला स्यूबझोंक्तीफ पासे

प्रश्न असा आला आहे: 'तू आलास याचा मला आनंद आहे' यासाठी 'झ स्वी कोंताँ क त्यू ए व्हन्यू' असं लिहिलं. 'ए' हे 'आव्ह्वार' (जवळ असणे) या सहायक क्रियापदाचं स्यूबझोंक्तीफ रूप (भावना, शंका, गरज सांगणाऱ्या शब्दांनंतर येणारं क्रियारूप), म्हणजे ए-आय-ई-एस. तरी वाक्य चूक ठरलं. मग स्यूबझोंक्तीफ पासे, म्हणजे स्यूबझोंक्तीफचा हा भूतकाळ, चालवायचा कसा आणि वापरायचा कुठे?

'कोंताँ क' नंतर स्यूबझोंक्तीफ हवा, इथवर बरोबर आहे. चुकलं ते सहायक क्रियापद. 'व्हनिर' (येणे) पासे कोंपोझेमध्ये, म्हणजे नेहमीच्या भूतकाळात, 'एत्र' (असणे) हे सहायक घेतं, तेव्हा इथेही 'एत्र'च: 'क त्यू स्वा व्हन्यू'. गंमत अशी की चुकीचं वाक्य मोठ्याने वाचलं तर ते साध्या 'त्यू ए व्हन्यू'सारखंच (ई-एस) ऐकू येतं. त्यामुळे बोलताना सहायक तर बरोबर वाटतं, पण स्यूबझोंक्तीफ मात्र नाहीसा झालेला असतो.

करायचं एवढंच: आधी पासे कोंपोझे मनात पक्का करा, मग फक्त सहायक क्रियापद स्यूबझोंक्तीफ प्रेझाँमध्ये (वर्तमानकाळात) बदला. भूतकाळवाचक धातुसाधित आहे तसंच राहतं. 'इल आ फिनी' (त्याने संपवलं) याचं 'किल ए फिनी', 'एल ए पार्ती' (ती गेली) याचं 'केल स्वा पार्ती'. नकारातला 'पा' सहायकानंतर आणि धातुसाधिताच्या आधी: 'किल ने पा फिनी'. 'एत्र' स्वतः मात्र 'आव्ह्वार' घेतं, म्हणून 'क झे एते'. 'क झ स्वा एते' कधीच नाही.

खरा घोळ स्पेलिंगचा. 'आव्ह्वार'ची एकवचनी तिन्ही रूपं आणि 'ते' या अर्थाचं अनेकवचनी रूप उच्चाराला एकच, 'ए'. लिहिताना मात्र झ-बरोबर (मी) ए-आय-ई, त्यू-बरोबर (तू) ए-आय-ई-एस, इल-बरोबर (तो) ए-आय-टी आणि अनेकवचनी ए-आय-ई-एन-टी. इतर सगळ्या क्रियापदांचं इल-रूप स्यूबझोंक्तीफमध्ये 'ई'वर संपतं. 'टी'वर संपणारी दोनच, 'आव्ह्वार' आणि 'एत्र'. सवयीने तिथे 'ई' लिहिला जातो. तशीच चूक 'नू' (आम्ही) आणि 'व्हू'बरोबर (तुम्ही) होते. इतरत्र प्रत्ययात 'आय' येतो, म्हणून इथेही वायनंतर 'आय' घातला जातो. तो नको: 'एयों' म्हणजे ए-वाय-ओ-एन-एस, 'एये' म्हणजे ए-वाय-ई-झेड; 'स्वायों' आणि 'स्वाये' यांचंही तेच.

लिंगवचनाचे नियम पासे कोंपोझेचेच. 'एत्र' असेल तर कर्त्याप्रमाणे, 'आव्ह्वार' असेल तर आधी आलेल्या कर्माप्रमाणे. 'माझ्या हातून झालेली एकमेव चूक' हे 'ला सल फोत क झे फेत'. इथे 'फे' म्हटलं तर कानालाही खटकतं. बहुतेक धातुसाधितांत हा बदल ऐकू येत नाही, म्हणून लेखनात तो सुटतो.

आता वापर. 'पासे' या नावावर फार विसंबू नका. हा काळ 'मुख्य क्रियेच्या आधी पूर्ण' एवढंच सांगतो; तो 'आधी' भविष्यातलाही असू शकतो. 'इल फो क त्यू ए फिनी आव्हाँ मिदी': दुपारी बाराच्या आत तुझं संपलेलं असलं पाहिजे. मुख्य क्रियेबरोबरची किंवा नंतरची गोष्ट असेल तर प्रेझाँ: 'झ स्वी कोंताँ क त्यू व्हियेन' म्हणजे तू येतोस किंवा येणार आहेस याचा आनंद.

'कोंताँ क'सारख्या रचनेत दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर हा काळ सहसा येत नाही. 'मी आलो याचा मला आनंद आहे' यात मराठीला काही अडचण नाही. फ्रेंच मात्र 'झ स्वी कोंताँ देत्र व्हन्यू' म्हणते, म्हणजे अँफिनितीफ पासे (कर्त्याप्रमाणे न बदलणाऱ्या मूळ क्रियारूपाचा भूतकाळ). परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जात असावेत.

मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर जुनं व्याकरण स्यूबझोंक्तीफचे आणखी दोन भूतकाळ, अँपार्फे किंवा प्ल्यूस्कपार्फे, मागतं. बोलण्यातून ती रूपं गेली आहेत. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या 28 डिसेंबर 1976 च्या आदेशानेही परीक्षेत अँपार्फेच्या जागी प्रेझाँ आणि प्ल्यूस्कपार्फेच्या जागी पासे चालेल असं ठरवलं. तेव्हा 'झेते कोंताँ किल स्वा व्हन्यू' बिनधास्त लिहा. जुनी रूपं वाचताना ओळखता आली की पुरे.

मराठी माणसाला आणखी एक सापळा असतो तो 'असावा'चा. 'तो गेला असावा' हे स्यूबझोंक्तीफसारखं दिसतं, पण फ्रेंचमध्ये तो अंदाज 'इल आ द्यू पार्तिर' असा साध्या पासे कोंपोझेनेच सांगतात. 'प्रोबाब्ल' (बहुधा) म्हटलं तरी ठाम बाजूच, म्हणजे साधं क्रियारूपच, धरतात: 'इल ए प्रोबाब्ल किल ए पार्ती'. 'पोसिब्ल' (शक्य) आला की मात्र 'किल स्वा पार्ती'. 'क्र्वार' (वाटणे, मानणे) याचंही असंच, होकारात 'झ क्र्वा किल ए पार्ती' आणि नकारात 'झ न क्र्वा पा किल स्वा पार्ती'. 'एस्पेरे'ला, म्हणजे आशा करण्याला, होकारात स्यूबझोंक्तीफ लागत नाही. ते पाठच करावं लागतं.