ऑपरेटरकाका, सिनेमा कसा वाटला?

३१ वर्षं मी चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवला. आता घरी बसून सिनेमे बघतो, कधीमधी तिकीट काढून जातो आणि तुमच्या पत्रांना उत्तरं देतो. या वेळचा गठ्ठा मोठा आहे. निम्मी पत्रं सिनेमाच्या तक्रारीची म्हणून आलीत, पण वाचल्यावर कळतं की तक्रार टीव्हीची आहे.

काका, सगळे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ डोक्यावर घेतात म्हणून मीही लावला. पाऊण तास कसाबसा काढला आणि बंद केला. वाळू, उंट, परत वाळू. माझीच अक्कल कमी की काय? (प्रवासात मोबाइलवर बघितला, एवढंच.)
– कंटाळलेला वाचक

अक्कल शाबूत आहे तुमची. पण खरी गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीत. अहो, मोबाइलवर तुम्ही त्या सिनेमाचं पोस्टाचं तिकीट बघितलंत.

त्यात ओमर शरीफच्या प्रवेशाचा प्रसंग आहे. विहिरीपाशी दोघं जण आहेत आणि लांब क्षितिजावर काहीतरी हलतंय. आधी नुसता ठिपका, मग उन्हाच्या झळांत थरथरणारी काळी रेघ, मग उंटावरचा माणूस. दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी तो ४८२ मिलिमीटरच्या लेन्सने टिपला. प्रसंगाची सगळी गंमत ‘कोण येतंय?’ म्हणून डोळे ताणण्यात आहे. मोबाइलवर तो ठिपका बराच वेळ दिसतच नाही. मग तुम्हाला वाटणारच की काही घडत नाहीये.

आता माझं खासगी मत. साडेतीन तासांपेक्षा मोठा सिनेमा आहे आणि मध्यंतरानंतरचा भाग मला मोठ्या पडद्यावरही जड गेला. कुठे ७० एमएमच्या थाटात लागला तर जरूर जा. नाही लागला तर राहू द्या, न बघितलेल्या सिनेमावर व्याज चढत नाही.

नवा मोठा टीव्ही घेतला आणि जुने सिनेमे मालिकेसारखे दिसायला लागले. माणसं घसरल्यासारखी चालतात. टीव्ही बदलून घ्यावा का?
– पस्तावलेले दांपत्य

टीव्ही बिघडलेला नाही, तो अतिशहाणा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. केबिनमधल्या आमच्या यंत्रात शटर प्रत्येक चौकट दोनदा दाखवायचं, म्हणजे पडद्यावर उजेड ४८ वेळा पडायचा, पण चित्रं २४च. त्या तुटकपणाची आपल्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे की त्यालाच आपण ‘सिनेमासारखं’ म्हणतो. नव्या टीव्हीला हे कमीपणाचं वाटतं. दोन चौकटींच्या मधे काय असेल याचा अंदाज बांधून तो पदरच्या चौकटी घालतो. एका कंपनीत याला ‘ट्रूमोशन’ म्हणतात, दुसरीत ‘मोशनफ्लो’, तिसरीत ‘ऑटो मोशन प्लस’. नावं वेगळी, आगाऊपणा एकच. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करा म्हणून विनवलं होतं. पुढच्या वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ नावाची सोय जाहीर झाली. तुमच्या टीव्हीत ती असेल तर लावून मोकळे व्हा. खेळ बघताना हवं तर पुन्हा जुनं चालू करा.

गेल्या महिन्यात भाचीकडे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ बघत होतो. १९५७ चा सिनेमा, पण चाललं होतं असं की जणू हौशी नाटकाची तालीम कुणीतरी चित्रित केलीय. भाचीचा नवरा म्हणाला, “काका, एकदम क्लिअर आहे ना?” मी रिमोट घेतला, चार मेन्यू खाली गेलो आणि ते भूत उतरवलं. त्याला फरक कळला नाही. त्याची आई मात्र विणकाम खाली ठेवून म्हणाली, “हां, आता सिनेमा झाला.”

हा सिनेमा मी घरी बघण्यासाठीच सुचवतो. ९६ मिनिटं आणि जवळजवळ सगळा एका खोलीत. दिग्दर्शक सिडनी लुमेटने सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवलाय आणि लेन्स रुंद घेतल्यात. जसजसा वाद पेटतो तसतसा कॅमेरा खाली येतो, लेन्स लांब होत जातात आणि भिंती माणसांच्या अंगाशी येतात. शेवटी तर वरचं छतही दिसायला लागतं. हे माहीत नसताना मला तो सिनेमा बघून नुसतंच गुदमरायला व्हायचं. आता कारण कळलंय, तरी गुदमरायला होतंच.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच धडाधड मारामारी. रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही. माझे कान गेले का?
– शेजाऱ्यांना घाबरून असलेली वाचक

कान गेले असतील तर ते तपासूनच कळेल, पण मला टीव्हीचाच संशय जास्त आहे. पुढच्या वेळी चित्रपटगृहात गेलात की पडद्याच्या अगदी जवळ जा. त्याला बारीक बारीक भोकं असतात. मधला स्पीकर पडद्यामागे असतो आणि संवाद बहुतेक त्यातूनच येतात, म्हणून आवाज थेट नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. घरी तोच सहा वाटांचा आवाज दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबला जातो आणि त्या बिचाऱ्यांची तोंडं असतात भिंतीकडे नाहीतर जमिनीकडे. संवाद गर्दीत चिरडतात.

उपाय फुकट आहे. सिनेमा लावताना आवाजाचा पर्याय ‘५.१’ (म्हणजे त्याच सहा वाटा) वरून ‘स्टीरिओ’वर (म्हणजे दोन) आणा. टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा संवाद उठून ऐकवणारी सोय असली तर ती लावा. तरीही भागलं नाही तर सबटायटल्स लावा. आपल्याच भाषेच्या सिनेमाला लावायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी लावतो.

‘ओपेनहायमर’ चित्रपटगृहात बघून थक्क झालो. परवा मित्रांना घरी दाखवला तर सगळे म्हणाले, नुसती बडबड आहे. मलाही तसंच वाटायला लागलं! खरं मत कोणतं धरू?
– दोन मतांचा एक माणूस

दोन्ही धरा. मीही तो दोन्हीकडे बघितलाय.

चित्रपटगृहात अणुबॉम्बच्या चाचणीच्या स्फोटाचा प्रसंग आला. लख्ख उजेड, आणि आवाज नाही. नुसते श्वास. उजेड आधी पोचतो आणि आवाज मागाहून, एवढं साधं शास्त्र, पण ती शांतता ताणत ताणत इतकी नेलीय की माझ्या शेजारच्या माणसाने हातातली पिशवी चुरगाळायची थांबवली. भरलेलं सभागृह एकदम गप्प होतं तेव्हा त्या गप्प बसण्याला वजन असतं. मी केबिनच्या काचेमागूनही ते ओळखायचो.

घरी तीच शांतता आली आणि आमच्या फ्रिजची मोटर सुरू झाली. बायको म्हणाली, “आवाज गेला का?” आणि तिने रिमोट उचलला. संपला स्फोट.

पण शेवटचा तास, तो चौकशीच्या खोलीतला, मला घरीच जास्त आवडला. चित्रपटगृहात तोवर पार्श्वसंगीताने डोकं उठलं होतं. घरी चेहरे नीट बघता आले, मधे थांबवून ‘हा कोण?’ हेही विचारता आलं, कारण त्यात माणसं भाराभर आहेत. तेव्हा पहिले दोन तास चित्रपटगृहाचे आणि शेवटचा घरचा, अशी माझी वाटणी आहे. मित्रांना बडबड वाटली, यात त्यांचा दोष नाही. स्फोट फ्रिजने खाल्ला की बडबडच उरते.

जाता जाता, त्याच्या आयमॅक्स ७० एमएम प्रिंटची लांबी सुमारे ११ मैल होती आणि वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास. जन्मभर फिल्मचे डबे जिन्याने वर नेलेल्या माणसाने हे वाचलं की खांदा आपोआप दुखतो.

टीव्हीवर सिनेमाच्या वरखाली काळ्या पट्ट्या येतात. झूम करून घालवल्या तर चालतील का?
– पूर्ण पैसे मोजलेला ग्राहक

नाही चालणार. तुमचा टीव्ही १६ बाय ९ आणि सिनेमा त्याहून रुंद. झूम केलंत की डावीउजवीकडची माणसं कापली जातात. पट्ट्या काळ्याच असू द्या.

‘कोर्ट’ बघत होतो. कोर्टात सगळे निघून गेले, दिवे गेले, पडदा काळा झाला. संपला म्हणून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, पुढे अजून आहे! ही काय पद्धत?
– फसवला गेलेला

पद्धत दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेची आणि माझ्या मते सिनेमातली सगळ्यात धीट जागा तीच. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात आणि आपण त्या रिकाम्या अंधारात बसून राहतो. मग पुढे न्यायाधीश सुट्टीत काय करतात ते येतं. ते बघितल्याशिवाय आधीच्या दोन तासांचा अर्थ लागत नाही, तेव्हा आजच लावा.

मला मात्र त्या काळोखात घाम फुटला होता. आमच्या धंद्यात पडदा काळा म्हणजे फिल्म तुटली नाहीतर दिवा गेला, आणि पाचव्या सेकंदाला शिट्ट्यांसह “ए ऑपरेटर!” ठरलेलं. मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा होतो.

लेक सगळे सिनेमे दीडपट वेगाने बघते. तिला काही सांगा.
– हताश आई

सांगितलं असतं, पण आमच्याच जमातीचा इतिहास आड येतो. मूकपटांच्या काळी प्रोजेक्टर हाताने फिरवायचे आणि जास्तीचा खेळ बसवायचा असला की हात जोरात चालायचा. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाच्या शेवटी, २४ चौकटींचा वेग पक्का झाला, कारण आवाज चित्राबरोबरच पळतो. हात जोरात चालला तर नायिका चिरकायची. आताच्या यंत्रांना वेग वाढवूनही सूर तोच ठेवता येतो, म्हणून तुमच्या लेकीचं फावलं.

मी तिची बाजू समजून घ्यायला एक रहस्यपट दीडपटीने बघितला. खुनी कोण ते कळलं. पण त्याआधी कुणाचा संशयच आला नाही. संशय येतो तो उत्तर द्यायला माणूस जरा थांबला म्हणून, आणि ते थांबणंच उडालं होतं. तिला एवढंच विचारा, शेवट आधी ओळखता येतो का. हो म्हणाली तर मला कळवा.

चित्रपटगृहात हल्ली सिनेमे इतके अंधारे का दिसतात?
– डोळे चोळणारी

काही मुळातच अंधारे असतात, ती फॅशन आहे. पण सगळे नाही. दिवा जुना झाला की उजेड उतरतो आणि कधी थ्रीडीचा फिल्टर यंत्रापुढे तसाच राहतो, तो बराच उजेड गिळतो. मागे एका ठिकाणी मी मध्यंतरात बाहेर जाऊन सांगितलं की फिल्टर राहिलाय, बघा. तिथला मुलगा अदबीने म्हणाला, “सर, पिक्चरच तसा आहे.” तो सिनेमा नंतर मी घरी बघितला. भर दुपारची दृश्यं होती त्यात. तेव्हा तुम्ही मध्यंतराची वाट न बघता लगेच उठून सांगा.

अलीकडे काय आवडलं? एका ओळीत सांगा.
– घाईतला

एका ओळीत: ‘परफेक्ट डेज’, २०२३ चा, विम वेंडर्सचा. आता ओळ संपली तरी बोलतो. कोजी याकुशो टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुतो. भांड्याच्या खालची बाजू स्वच्छ झाली का हे तो छोटा आरसा धरून बघतो. तिथे कुणाचीही नजर जाणार नसते. मला आमचं गेट आठवलं. फिल्म जिथून सरकते ती चौकट, तिच्यात साचलेली भुकटी प्रत्येक खेळाआधी ब्रशने झाडायची. झाडली तर कुणाला कळत नाही, नाही झाडली तर नायिकेच्या गालावर केस. कॅसेटवरची गाणी जरा फारच वेचून लावल्यासारखी वाटतात, तेवढं खटकलं. शेवटचा गाडी चालवतानाचा लांबलचक चेहरा मात्र मी दोनदा बघितला.

काका, जन्मभर फुकटात सिनेमे बघितलेत. मजा आहे तुमची!
– जळणारा

जळू नका. केबिनची खिडकी हातभर आणि कानाशी यंत्राची खडखड. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो, जेमतेम चार चौकटी, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर, म्हणजे पडदा दुसऱ्या यंत्राच्या हवाली. पापणी लवली तर पडदा पांढरा. त्यामुळे प्रत्येक रिळाचा शेवट मी नुसता त्या कोपऱ्यात बघितलाय. कितीतरी नायक मेले, कितीतरी जोडपी भेटली, मी त्या वेळी कोपऱ्यात होतो.

म्हणून तर आता तेच सिनेमे घरी परत लावतो. वीसेक मिनिटं झाली की मान आपोआप उजवीकडे वर जाते. नात विचारते, “आजोबा, तिथे काय आहे?”