वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे सात गिअरांची, ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक पेट्रोल मोटार आहे. तिची तीन वर्षांची वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली. पावसाळ्यापासून ती अधूनमधून त्रास देत आहे. राजवाड्याच्या आसपास गर्दीत गाडी लावताना किंवा वळवताना डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा क्षणभर नाहीसा होतो, स्टीअरिंगचा आणि एबीएसचा दिवा लागतो आणि मधला स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. गाडी बंद करून थोड्या वेळाने चालू केली की सारे सुरळीत असते. मध्यंतरी एकदोन वेळा सकाळी सेल्फ लागला नाही, नुसता टकटक आवाज आला. खंडवा रोडवर भेरूघाट चढताना मात्र निराळाच प्रकार घडला. ट्रकांच्या मागे रेंगाळत असताना गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला आणि गाडी झटके देऊ लागली. झटक्यांची तक्रार मी वॉरंटीतल्या शेवटच्या सर्व्हिसिंगलाही केली होती. तेव्हा 'या गाड्यांत एवढे चालायचेच' असे उत्तर मिळाले. आता सर्व्हिस सेंटर मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारी यंत्रणा व तिचा संगणक) आणि क्लच दोन्ही बदलायला सांगत आहे व खर्च दोन लाखांच्या घरात जातो. देवास नाक्याजवळचे एक जुने मिस्त्री म्हणतात की आधी बॅटरी बदलून पाहा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मिस्त्रींचा रोख बरोबर आहे, फक्त बॅटरी बदलण्याआधी ती मोजून घ्यावी. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि सर्व्हिस सेंटरने त्या एकाच एस्टिमेटमध्ये बांधून टाकल्या आहेत. गर्दीत गाडी वळवताना जे घडते ते बहुधा विजेचे दुखणे आहे, तर घाटात जे घडले ते उष्णतेचे. दोन्हींचा निवाडा स्वतंत्रपणे झाल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरवण्यास संमती देऊ नये.

पहिल्या तक्रारीचा विचार असा करावा. ड्युअल क्लचच्या गिअरबॉक्समध्ये एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६ व रिव्हर्स. आतला एखादा भाग खरोखर निकामी झाला तर बहुतेक वेळा यांपैकी एका बाजूचे गिअर हरवतात : गाडी पुढे जाते पण रिव्हर्स घेत नाही, किंवा एक गिअर गाळून थेट त्याच्या पुढच्यावर उडी मारते. आपल्या गाडीने असे काही केल्याचे आपण लिहिलेले नाही. उलट गिअरचा आकडा, स्टीअरिंग, एबीएस आणि स्क्रीन ही परस्परांशी फारसा संबंध नसलेली चार ठिकाणे एकाच क्षणी गळाठतात. या चौघांमध्ये सामाईक काय असते, तर वीजपुरवठा, अर्थिंग आणि त्यांना जोडणारी संदेशवाहक तार. चार यंत्रणा एकाच आठवड्यात आपापल्या कारणाने बिघडल्या असे मानण्यापेक्षा या सामाईक गोष्टींवर संशय घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

बिघाड कोणत्या वेळी होतो, हेही याच दिशेने बोट दाखवते. उभ्या गाडीत स्टीअरिंग टोकापर्यंत वळवले की त्याची विद्युत मोटर काही क्षण कित्येक अँपिअर प्रवाह ओढते. त्याच वेळी इंजिन मंद चालत असल्यामुळे अल्टरनेटर कमी वीज देतो, आणि एसीचा पंखा व दिवे चालू असतातच. कमी पडणारा प्रवाह बॅटरीने पुरवावा अशी अपेक्षा असते, पण बॅटरी दमलेली असली किंवा तिची जोडणी सैल असली तर व्होल्टेज क्षणभर कोसळते. घरात जुना फ्रीज सुरू होताना दिवे मंदावतात, तसाच हा प्रकार; फरक इतकाच की मोटारीतले छोटे संगणक नुसते मंदावत नाहीत, ते बंद पडून नव्याने सुरू होतात. सकाळची टकटक याच निदानाला दुजोरा देते. माळव्यातल्या उन्हाळ्यात बोनेटखाली तीन वर्षे काढलेली बॅटरी थकली असेल तर त्यात नवल काही नाही.

आता मोजणी. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो आणि हे काम घराच्या अंगणातही करता येते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार न उघडता शक्य नसेल तर निदान दार उघडल्यावर काही वेळ थांबून, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज पाहावे. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, आणि १२.० च्या जवळ असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा किती खाली येतो ते पाहावे, तो ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी संशयास्पद समजावी. इंजिन चालू झाल्यावर तो साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान असायला हवा. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे चार्जिंग संगणक कमी-जास्त करतो, म्हणून काही मिनिटे १२.८ दिसले एवढ्यावरून अल्टरनेटर बदलायला काढू नये. हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून पुन्हा पाहावे.

यानंतरची चाचणी वर्कशॉपमध्ये पुष्कळदा राहून जाते, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे, टेकवावी आणि दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारताना मीटर वाचावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहिला तर अर्थिंग ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक आला तर इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी, तिचा बोल्ट किंवा टर्मिनलचा क्लॅम्प यांपैकी काहीतरी गंजलेले वा सैल आहे. इंजिन बंद असताना हीच चाचणी केली तर आकडा शून्यच येतो आणि 'अर्थिंग चेक केले, ठीक आहे' असा शेरा जॉबकार्डवर पडतो. प्रवाह वाहत असल्याशिवाय हा दोष दिसत नाही. त्रास पावसाळ्यापासून सुरू झाला असे आपण लिहिता, म्हणून गिअरबॉक्सवरच्या मोठ्या कनेक्टरची पिन हिरवट झाली आहे का आणि हार्नेसवर, म्हणजे तारांच्या जुडग्यावर, उंदरांचे दात उमटले आहेत का, हेही दिवा लावून पाहून घ्यावे.

बॅटरी बदलावी लागलीच तर मूळ जातीचीच घ्यावी. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तिच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी बसवली तर ती लवकर बसते आणि हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

स्कॅनरच्या बाबतीत एक आग्रह अवश्य धरावा : गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडाचे कोड पुसण्याआधी त्यांची छापील प्रत घ्यावी, आणि प्रत्येक कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान व व्होल्टेज यांची साठवलेली माहितीही त्यासोबत मागावी. 'पी ०७००' हा कोड गिअरबॉक्सच्या नियंत्रणात काहीतरी नोंद झाली आहे, एवढेच सांगतो. तेवढ्यावरून कोणताही भाग बदलता येत नाही. त्याच्या शेजारी 'पी ०५६२', म्हणजे व्होल्टेज कमी, किंवा 'यू ०१०१', म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाशी संपर्क तुटला, असे कोड सापडले तर मेकॅट्रॉनिक युनिटला दोषी ठरवण्याची घाई झाली असे खुशाल समजावे. दरम्यान बॅटरीची तार काढून 'रीसेट' करण्याचा उपाय कोणी सुचवला तरी करू नये, कारण काही गाड्यांत त्याने हा सारा पुरावा नाहीसा होतो.

घाटातल्या इशाऱ्याचे कारण वेगळे आहे. आपल्या गाडीतले क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडलेले, असतील, आणि सात गिअरांच्या छोट्या गाड्यांत ते बहुधा कोरडेच असतात, तर ट्रकमागे चढावर सरपटताना ते अर्धवट घसरत राहतात व तापतात. गाडी चढावर ब्रेकऐवजी नुसत्या अॅक्सिलरेटरवर धरून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. पुढच्या ट्रकला अंतर घेऊ द्यावे, मग एकदम जरा वेगाने निघावे आणि गिअर हाताने पहिल्यावर ठेवावा. इशारा आलाच तर सुरक्षित जागी गाडी पार्कवर लावून इंजिन चालू ठेवावे आणि निवू द्यावे. थंड झाल्यावर झटके गेले तर क्लच संपला असे सिद्ध होत नाही. त्याची किती झीज झाली हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर वाचता येते, आणि क्लचचे अॅडाप्टेशन (संगणकाला क्लचची सध्याची स्थिती पुन्हा शिकवणे) नव्याने केल्यावर झटके कमी होतात का, हे पाहणे नवीन क्लचपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सपाट रस्त्यावर, थंड गाडीतही पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर येत असेल तर मात्र क्लचचा खर्च टळणार नाही.

राहिला वॉरंटीचा मुद्दा. झटक्यांची तक्रार वॉरंटी चालू असताना नोंदली गेली आहे का, हे त्या वेळच्या जॉबकार्डवर शोधावे. नोंद असेल तर आपली बाजू भक्कम आहे. तिची प्रत जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावे आणि दुरुस्तीचा खर्च सद्भावनेपोटी पूर्ण किंवा अंशतः उचलण्याची मागणी करावी. कंपन्या वॉरंटी नुकतीच संपलेल्या गाड्यांसाठी अशी सवलत देतात, पण न मागता क्वचितच. नोंद नसेल तर किमान तेव्हाचे संदेश किंवा ई-मेल तपासावेत. उत्तर समाधानकारक न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्याला इंदुरातच, तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्या वेळी कोडची छापील प्रत आणि मोजलेले आकडे कामी येतात. युनिट बदलावेच लागले तर काढलेला जुना भाग दाखवण्याची अट जॉबकार्डवर आधीच लिहून घ्यावी.

प्रश्न : माझी एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी) गाडी वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले असताना कधीकधी चालूच होत नाही, आणि चालू झाली तर न्यूट्रलवरून गिअर घेत नाही. क्लच व गिअर हलवणारा अॅक्च्युएटर गेला असे सांगितले जात आहे. बॅटरी नवी आहे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अॅक्च्युएटरकडे जाण्याआधी ब्रेकच्या पेडलवरचा स्विच तपासावा. एएमटी गाडीत ब्रेक दाबला आहे अशी खबर संगणकाला पोचल्याशिवाय ती सुरू होत नाही आणि उभी असताना गिअरही घेत नाही; ही खबर तो छोटासा स्विचच देतो. घरातल्या कोणाला तरी गाडीमागे उभे करून ब्रेक हळूहळू आणि मग जोरात, दहाबारा वेळा दाबावा. मागचे दिवे एखाद्या वेळी लागले नाहीत, किंवा पेडल बरेच खाली गेल्यावरच लागले, तर स्विच बदलावा अथवा त्याची जागा नीट बसवून घ्यावी. त्याची किंमत अॅक्च्युएटरच्या मानाने नगण्य असते. दिवे प्रत्येक वेळी बरोबर लागत असतील तर पुढची पायरी अॅक्च्युएटरच्या ऑइलची पातळी आणि त्याच्या पंपाचा फ्यूज व रिले ही. चावी फिरवल्यावर किंवा ड्रायव्हरचे दार उघडल्यावर पंपाचा जो हलका घुर्र आवाज आपल्याला एरवी ऐकू येत असेल, तो बिघाडाच्या दिवशीही येतो का, हे लक्ष देऊन ऐकावे आणि मेकॅनिकला तसे सांगावे.