पाट्यांवरचा कवी

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्यावर ‘काबिरिया’ हा १९१४ सालचा इटालियन मूकपट पाहिला. त्याचे कर्ते म्हणून कवी गाब्रिएले दानुंझिओ यांचे नाव सांगण्यात आले. मूकपटात कवीचे काय काम? आणि हेच गृहस्थ पुढे एका शहराचे सत्ताधीश झाले, हे खरे का?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : सत्तेची गोष्ट खरी आहे, चित्रपटाचे श्रेय मात्र दुरुस्त करून घ्यावे लागेल. ‘काबिरिया’ घडवला तो दिग्दर्शक जिओव्हानी पास्त्रोने यांनी. दानुंझिओ तेव्हा देणेकऱ्यांना चुकवून फ्रान्समध्ये राहत होते. ५०,००० लिरांच्या मोबदल्यात त्यांनी दोन दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचा मजकूर भरजरी भाषेत लिहिला, पात्रांना नावे दिली आणि स्वतःचे नाव वापरू दिले. सिनेमाला तमाशा समजणारा प्रतिष्ठित वर्ग त्या नावामुळे चित्रपटगृहात यावा, हा पास्त्रोने यांचा हिशेब होता. आपण आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीच्या गावी राहता. कवीच्या नावाचे वजन आपणांस वेगळे सांगायला नको.

राजकारणात दानुंझिओ आधीपासूनच होते. १८९७ मध्ये ते संसदेवर निवडून गेले आणि १९०० मध्ये उजव्या बाकांवरून उठून डाव्या बाकांवर जाऊन बसले. १९१५ मध्ये इटलीने महायुद्धात उतरावे म्हणून त्यांनी भाषणांनी जमाव पेटवले. पुढच्याच वर्षी विमान-अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून अंधारात पडून असताना, ओळीवर ओळ चढू नये म्हणून ते कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर एकेक ओळ लिहीत. त्यांच्या साऱ्या लेखनात मला हे सर्वांत प्रामाणिक वाटते.

१२ सप्टेंबर १९१९ रोजी सैनिकांसह त्यांनी फ्युमे शहर ताब्यात घेतले. आज ते क्रोएशियात रियेका म्हणून ओळखले जाते. संगीताला राज्याच्या पायाभूत संस्थांत स्थान देणारी सनद तेथे निघाली, आणि सज्जातून प्रश्न फेकून जमावाकडून एकमुखी होकार घेण्याची रीतही तेथेच रुळली. डिसेंबर १९२० मध्ये इटलीच्याच सैन्याने त्यांना हुसकावले. ती रीत मात्र मुसोलिनीने उचलली. सनदेच्या सौंदर्यासाठी तो सज्जा माफ करावा, असे मला वाटत नाही.

‘काबिरिया’ पुन्हा लावाल तेव्हा रोमन पात्रे हात उंचावून अभिवादन करतात, तिकडे लक्ष द्यावे. तेच अभिवादन पुढे फ्युमेत दिसले आणि तेथून फॅसिस्टांकडे गेले.