‘बेन-हर’ (१९५९) हा साडेतीन तासांचा जुना चित्रपट लोक आजही का पाहतात? रथांच्या शर्यतीपलीकडे त्यात काय आहे?

मीही तो पहिल्यांदा शर्यतीसाठीच लावला होता. आता पुन्हा पुन्हा बघतो तो पाण्याच्या एका प्रसंगासाठी.

जुडा बेन-हर हा जेरुसलेममधला सधन ज्यू. त्याचा बालमित्र मेसाला रोमन अधिकारी होऊन परत येतो आणि रोमविरुद्ध बोलणाऱ्यांची नावं मागतो. जुडा देत नाही. पुढे नव्या सुभेदाराच्या मिरवणुकीवर जुडाच्या गच्चीवरचं कौल निसटून पडतं, तेवढं निमित्त मेसालाला पुरतं. आई आणि बहीण तुरुंगात, जुडा जहाजावर वल्ही मारायला.

बेड्या घातलेले ते कैदी तहानेने अर्धमेले होऊन नाझरेथला पोहोचतात. पहाऱ्यावरचा अधिकारी इतरांना पाणी देऊ देतो, फक्त जुडाला नाही. तो कोसळतो. तेवढ्यात कोणीतरी येऊन त्याचं डोकं उचलून धरतं, पाणी पाजतं. अधिकारी ओरडत धावून येतो, तो माणूस उभा राहून नुसता त्याच्याकडे बघतो, आणि चाबूक हातातच राहतो. हा येशू. पण अख्ख्या चित्रपटात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. इथे दिसतो तो त्या अधिकाऱ्याचा, गोंधळलेला, नजर चुकवणारा. काय पाहिलं असेल त्याने, हे प्रत्येकाने आपलं आपण भरायचं. दिग्दर्शक विल्यम वायलर यांचं मोठेपण मला शर्यतीपेक्षा इथे जास्त दिसतं.

शर्यत अर्थातच थरारक आहे; गुलामीतून सुटून परतलेला जुडा तिच्यात मेसालाशी भिडतो. रोममधल्या सिनेचित्ता स्टुडिओत प्रचंड रिंगण उभारलं, खरे घोडे, खरे रथ. अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांनी ती बसवली. मोडक्या रथावरून उडताना जुडा पुढे फेकला जातो, तो खरा अपघात: याकिमा यांचा मुलगा जो कनट तेव्हा जुडाच्या जागी रथ हाकत होता, त्याच्या हनुवटीला लागलं आणि तोच तुकडा चित्रपटात ठेवला. एकदा कान देऊन बघा, मिक्लोश रोझा यांचं भारदस्त संगीत चित्रपटभर आहे, पण शर्यत सुरू झाली की ते थांबतं. टापा, चाकं आणि गर्दी, एवढंच.

पण खरी मेख पुढे आहे. जुडा जिंकतो, आणि शर्यतीत चिरडला गेलेला मेसाला मरता मरता त्याला सांगतो की तुझी आई-बहीण जिवंत आहेत, महारोग्यांच्या दरीत जाऊन शोध. सूड पुरा झाला आणि हाती काहीच लागलं नाही. दुसऱ्या कोणी इथेच पडदा पाडला असता. इथे मात्र शर्यतीनंतरही बरीच कथा उरते. ती संथ आहे, जुडाच्या कारभाऱ्याची मुलगी एस्थर हिच्याबरोबरचं प्रेमही मला फिकं वाटतं, पण तेवढ्यासाठी सोडू नका. कारण क्रूस वाहून नेणाऱ्या माणसासाठी जुडा पाणी घेऊन धावतो, चेहरा बघतो आणि त्याला ओळखतो. नाझरेथमधलं ते पाणी.

११ ऑस्कर मिळाले वगैरे सगळं खरं, पण पाण्याचे हे दोन प्रसंग नसते तर मी दुसऱ्यांदा बसलो नसतो.

बघणार असाल तर मोबाइलवर नको. चौकट इतकी रुंद आहे की छोट्या पडद्यावर नुसती पट्टी उरते. मध्यंतर चित्रपटातच आहे, तिथे थांबून जेवून घ्या.