पहिली आवृत्ती की पहिला वेचा?

एका भाऊनं विचारलंय, 'पहिली आवृत्ती' अन् 'पहिलं मुद्रण' एकच का? त्याला कुणीतरी कापडी बांधणीची, सोनेरी कडांची डिलक्स प्रत 'फर्स्ट एडिशन आहे' म्हणून दाखवली, आत मात्र छापलंय 'पहिली आवृत्ती, तिसरे मुद्रण'.

एकच नाही हो! हे ऐकून ऐकून कान किटले माझे. जुनं दिसलं की फर्स्ट एडिशन, जाड पुठ्ठा दिसला की फर्स्ट एडिशन. मजकूर तोच ठेवून पुन्हा छापलं तर ते मुद्रण, मजकुरात बऱ्यापैकी फेरफार केला तर नवी आवृत्ती, संपलं.

खरी गंमत शब्दात आहे. आवृत्ती म्हणजे आ अन् वृत्, फिरून येणं. अथर्वशीर्षाची 21 आवर्तनं करतो ना, तेच हे. मग जे एकदाही आलं नाही ते 'पहिल्यांदा फिरून' कसं येईल राजेहो? आणि पुढं ऐका, त्याच वृत् मधून वर्तुल निघालं, वर्तुलाचं झालं वाटोळं, अन् दिव्याची वातही तिथलीच, मूळ वर्ति. म्हणजे आवृत्ती अन् वाटोळं चुलतभाऊ, दुकानदारांनी ते खरंही करून दाखवलं.

काही पंडित म्हणतात, हिंदीसारखं 'संस्करण' म्हणा. काहून? एक काना बदलला नाही, नुसतं मशीन पुन्हा फिरवलं, त्यावर कसले संस्कार? असल्या शब्दानं घोळ वाढतो फक्त.

माझं म्हणणं, मुद्रणाला 'वेचा' म्हणावं, म्हणजे कापसाची एक वेचणी. आमच्याकडं कपाशी एकदाच पेरतात, ती आवृत्ती. त्याच पऱ्हाटीवर पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा, शेवटी शेवटी बोंडातून कवडी, म्हणजे खराब कापूस, निघते, अन् हंगाम सरल्यावरही झाड उभं ठेवलं तर फरदड. छापखान्यातही तसंच होतं. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत खिळे झिजत जातात. माझ्याकडं एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, खिडकीत शेजारी धरल्या तर पहिल्या वेच्याच्या प्रतीत 'ळ' पूर्ण उमटलाय अन् नंतरच्या प्रतीत त्याचं पोट फुटलेलं. शिवाय वेचणे म्हणजे खर्चणेही, हे तर पुस्तकं जमवणाऱ्याला सांगायलाच नको. कोशवाले हसतील, हसू द्या, वखरामागं चालले असते तर त्यांनीच सुचवला असता.

इंग्रजी पुस्तकात शीर्षकाच्या मागच्या पानावर 10 9 8 7 6 5 4 3 2 1 अशी ओळ असते. दर छपाईला सगळ्यात लहान आकडा काढतात, म्हणून उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे वेचा कितवा ते. पण रँडम हाऊस या अमेरिकन प्रकाशनानं बरीच वर्षं ही ओळ 2 पासूनच ठेवली अन् सोबत 'फर्स्ट एडिशन' लिहिलं, दुसऱ्या छपाईला ते शब्द काढले की झालं, म्हणून नुसता 2 पाहून प्रत फेकू नका. छापचुकाही पाहतात. हॅरी पॉटरच्या 1997 मधल्या पहिल्या छपाईत, हार्डकव्हर फक्त 500 प्रती, पान 53 वर सामानाच्या यादीत छडी दोनदा आलीय. तरी नुसत्या चुकीवर भरवसा नको, आकड्यांची ओळही जुळली पाहिजे.

आपल्याकडचं पाहायचं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831, दुसरी सुधारून वाढवलेली 1857, अन् 1975 ला पुण्यात निघालं ते या दुसरीचं पुनर्मुद्रण. ते 'मोल्सवर्थची तिसरी आवृत्ती' म्हणून विकताना मी स्वतः ऐकलंय, अन् वाद घालून चहा थंड केलाय.

हां भाऊ, तुम्हाला दाखवलेली ती प्रत. डिलक्स हे बांधणीचं नाव, छपाईच्या नंबराचं नाही. विकणारा 'पहिली आवृत्ती' म्हणाला ते खोटं नाही, पण माल तिसऱ्या वेच्याचा आहे, भाव तसाच करा. वरचं कागदी जॅकेट आहे का, ते लिहिलंच नाही तुम्ही.